गोठ्यातलं ताट

नोकरीतल्या पुष्कळ केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळल्या आहेत. कुडपणच्या वरच्या वाडीतली ती एक मात्र आजही जशीच्या तशी आठवते. त्या केसमध्ये मी तपास अगदी नियमाने करत होतो आणि तरीही चुकीच्या माणसाच्या मागे लागलो होतो.

मी तेव्हा पोलादपूर ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून चहाचा कप हातात घेतला, तोच ठाणे अंमलदार एका म्हाताऱ्याला आत घेऊन आले. डोंगर उतरून आल्यामुळे त्याला धाप लागली होती.

"साहेब, माझी नात पळवली. सून पण गेली. मुंबैची कोण बाय आलेली, तिनं फूस लावली."

नात सात वर्षांची. तिचा बाप, म्हणजे म्हाताऱ्याचा मुलगा, दोन वर्षांपूर्वी तापाने वारला होता. मुलीला काही आजार आहे का, हा आमचा ठरलेला प्रश्न मी विचारला.

"काय नाय. ठणठणीत हाय."

त्याने दिलेल्या फोटोत दोन वेण्यांची गुटगुटीत मुलगी हसत होती. मूल अल्पवयीन असलं की विचार करत बसायला वाव नसतो. अनोळखी बाईविरुद्ध अपहरणाचा गुन्हा दाखल केला, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि फोटो मुंबईसह सगळ्या ठाण्यांना पाठवला.

दुसऱ्या दिवशी खबर मिळाली. पोलादपूर स्टँडवरच्या एका रिक्षावाल्याने मायलेकींना त्या बाईबरोबर महाडच्या गाडीत चढताना पाहिलं होतं. फोटो दाखवल्यावर मात्र तो गडबडला.

"तोंडावळा हाच साहेब, पण पोरीच्या डोक्यावर केस नाय. तोंडाला मास्क व्हता. आन आईनं एक फाईल छातीशी घट्ट धरलेली."

ठणठणीत पोरीच्या डोक्यावर केस नाहीत? फिर्यादी काही लपवतोय अशी शंका आली की मी त्याच्यावर डोळे वटारत नसे, सरळ त्याच्या घरी जात असे. माणसाला जबाब पढवता येतो, घराला येत नाही. हवालदार आणि दोन पंच घेऊन मी वाडी चढलो.

घर सारवलेलं, मांडणीवरची भांडी लखलखीत. मुलीची दोन चुलत भावंडं दारात उभी होती. मी पाणी प्यायलो आणि सहज म्हणून गोठ्यात डोकावलो. म्हशींच्या पलीकडे, भिंतीला लागून एक गोधडी होती. तिच्याशेजारी पेला आणि पालथं घातलेलं स्टीलचं ताट. ताटाच्या काठावर मुलीचं नाव कोरलेलं होतं आणि त्याखाली 'मामाकडून, बारशाची भेट'. आपल्याकडे भांडं दिलं की त्यावर नाव घालतात, ते हरवू नये म्हणून. हे ताट हरवलं नव्हतं. ते घराबाहेर काढलं होतं.

"आजोबा, नातीचं ताट गोठ्यात कसं?"

म्हातारा तिथेच गव्हाणीच्या कडेला बसला. "तिला रगताचा कॅन्सर हाय साहेब. मुंबैला दवा करून आली ती केस घालवून. वाडीत बोलाय लागली, लागण व्हईल. माझा एक पोरगा तापानं गेला. घरात ही दोन पोरं. मी काय करू? सून बोलली परत दव्याला न्यायची. मी बोललो, कशाला हाल करतेस, जायाचीच हाय तर घरात जाऊ दे."

घरात म्हणजे गोठ्यात! मला संताप आला, म्हाताऱ्याचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. सुनेने पोर पळवली नव्हती, वाचवायला नेली होती. आणि मी तीन जिल्ह्यांचे पोलीस तिच्यामागे लावले होते. ताट पंचनाम्यात घेऊन जप्त केलं. हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, हत्यार म्हणून दाखवायचं काय?" मी म्हणालो, "तसंच समजा."

मुलीच्या मामाचा झुणका-भाकरीचा स्टॉल रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीत होता. रोपवेच्या गिऱ्हाइकांना वाढता वाढता तो सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर देत होता, "मला नाय म्हायती." मी आवाज चढवला नाही. ताट त्याच्यासमोर ठेवलं.

त्याने नाव वाचलं. "हे कुठं गावलं?"

"गोठ्यात."

त्याने शेगडी बंद केली आणि सगळं सांगितलं. ती 'मुंबैची बाय' कॅन्सर झालेल्या मुलांच्या कुटुंबांना सांभाळणाऱ्या एका संस्थेची होती. तिचा स्वतःचा मुलगा याच आजारातून उठला होता. मुलगी औषधाच्या तारखेला आली नाही, म्हणून ही बाई स्वतः डोंगर चढून आली.

"ताय डॉक्टर नाय साहेब. पण राहायची खोली, जेवण, गाडी, डॉक्टर काय बोलला त्याचा अर्थ, समदं तीच बघते. आता पोलीस मागं लागलेत हे बहिणीला कळलंय. फोन बंद हाय तिचा. ती पोरीला घेऊन मुंबैच्या धर्मशाळेतनं पण पळाली, तर दवा तुटंल. मंग काय उरत नाय."

मी तिथूनच मुंबईला फोन लावून शोध थांबवला. दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यात मुंबईला निघालो. बरोबर महिला शिपाई, मामा आणि म्हातारा. तो येईना. "नात ओळखायला फिर्यादी लागतो," असं सांगून मी त्याला गाडीत बसवलं. असा कुठलाही नियम नाही.

धर्मशाळेच्या दारात ती ताई वाट अडवून उभी राहिली. "साहेब, माझा जबाब घ्या, मला ठाण्यात न्या. उद्या तिचा डोस आहे. तिला हलवू नका."

"हलवायला नाही आलो," मी म्हणालो.

आत स्वयंपाकघरात ओळीने शेगड्या होत्या आणि गावोगावच्या आया स्वयंपाक करत होत्या. एक आजोबा टोपी घातलेल्या नातवाला आपल्याच ताटातला घास भरवत होते. ताईने भाषण केलं नाही. म्हाताऱ्याला त्यांच्या शेजारी बसवलं, एवढंच. सून आम्हाला पाहून पांढरीफटक पडली आणि मुलीला पाठीमागे धरून उभी राहिली. सुनेने ताटाची ओळख पटवावी म्हणून मी ते पिशवीतून काढलं.

मुलगी आईच्या मागून बाहेर आली. "आजा, माझं ताट आणलंस?"

म्हाताऱ्याने काठी भिंतीला टेकवली.

"व्हय गो बाय," तो म्हणाला.

ती त्याच ताटात जेवायला बसली. औषधाने तोंडाची चव गेलेली, चार घास खाऊन तिने ताट सरकवलं. म्हाताऱ्याने ते पुढे ओढलं आणि तिचा उष्टा भात शेवटच्या शितापर्यंत संपवला. कबुलीजबाब मी पुष्कळ घेतले आहेत. हा लिहून घ्यायची गरज नव्हती. सून पदर तोंडाला लावून रडत होती.

गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून मी कोर्टात 'सी' समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवली. पुढे ताईला आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना मी वाडीवर नेलं. हा आजार लागत नाही, हे त्यांनी दुपारभर बसून एकेकाला समजावलं. औषध डॉक्टर देतात. ते संपेपर्यंत घर मोडू न देणं हे वेगळं काम आहे, आणि ते करणारी माणसं आहेत, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. ठाऊक नव्हतं, म्हणून मी त्या कामावर अपहरणाचं कलम लावलं होतं. त्यानंतर कोणत्याही आजारी मुलाच्या घरची तक्रार आली की मी आधी विचारत असे, आईच्या सोबतीला कोण आहे?

ताट मात्र जप्त मुद्देमाल असल्याने मला त्या दिवशी धर्मशाळेतून परत न्यावं लागलं. त्यावरून मुलगी माझ्यावर जी रागावली, ती अजून टोमणे मारते. यंदा ती दहावीला आहे.

त्याच वर्षी कोर्टाचा आदेश आल्यावर मी स्वतः ताट घेऊन तिच्याकडे गेलो. मालक अल्पवयीन, म्हणून पावतीवर आईची सही घेतली. पण मालकाला ते मान्य नव्हतं. तिने माझं पेन घेतलं, ताट मांडीवर ठेवलं आणि काठावरचं नाव बघत बघत, एकेक अक्षर पावतीवर उतरवलं. पुढे मला विचारून एक शब्द जोडला, 'मिळालं'.