दारापुढचा हायवे

वरवंडात हायवेला लागून मेहमूदभाईंचं ट्रकच्या सीटा शिवायचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. त्यांच्या शायनाचे डोळे लहानपणी गोवरात गेले. पुण्याच्या अंधशाळेत ती बारावीपर्यंत शिकली, टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला, काठी घेऊन पुण्याचे रस्ते एकटीने पालथे घातले. शिक्षण संपवून घरी आली आणि घरातच अडकली. घर ते दुकान, दुकान ते घर, एवढीच तिची दुनिया उरली.

दोन हजार सहा साली केडगावच्या एका दवाखान्यात तिला टेलिफोनवर बसायची नोकरी मिळत होती. ईद झाली की हजर व्हायचं होतं. केडगावकडे जाणारी जीप मात्र हायवेच्या पलीकडे थांबायची. भाऊ सणसवाडीच्या कंपनीत, तिकडेच खोली घेऊन राहिलेला. आई हमीदाबी गुडघ्यांनी बेजार, अब्बा दुकानात अडकलेले; तिला रोज पलीकडे सोडायला कुणी नव्हतं. अब्बा म्हणाले, "तुझी अम्मी व्हय म्हणली तर जा." आणि अम्मी काही केल्या हो म्हणेना.

"ट्रक दिसत न्हाई तुला. अंदाज हुकला म्हंजी?"

"ऐकू येतं की, अम्मी. लांब असतो तवाच कळतं."

"मला न्हाई कळत ते."

शायनाने हे बोलणं मनात धरलं. कळत नाही ना, मग ऐकवतेच तुला.

अंधशाळेतल्या हर्षदाने, तिच्या मैत्रिणीने, तिला एक सीडी दिली होती. नुसत्या आवाजावर खेळायचे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, खास नवशिक्यांसाठी, अगदी सोपं. एका संस्थेने दिलेल्या जुन्या, पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवर ते चालायचं. शायनाने दारात टेपरेकॉर्डर धरून हायवेचे ट्रक टिपले आणि रस्ता ओलांडायचा गेम बनवायला बसली.

सोपं होतं खरं. पण ज्याने ते सोपं केलं, त्याने कामाचं तेवढं आधी छाटून टाकलं होतं. आवाज एकतर चालू, नाहीतर बंद. लांबून बारीक येऊन हळूहळू मोठा होणारा आवाज त्यात बसतच नव्हता, आणि पुण्यात शायना तर त्याच्याच भरवशावर रस्ते ओलांडायची. मदतीच्या पानावर उत्तर होतं, नवशिक्यांना याची गरज पडत नाही. आता नवशिक्याची गरज ठरवणारा हा कोण टिकोजीराव?

तिने तोड काढली. एकाच ट्रकच्या आवाजाचे लांबचा, मधला आणि जवळचा असे तुकडे केले आणि एकामागे एक लावले. पण तुकडा बदलताना सॉफ्टवेअर क्षणभर गप्प व्हायचं. तिने तुकडे लांबवून पाहिले, हर्षदाला फोन करून विचारलं, ती खाच काही बुजेना. एवढ्याशा खाचेत कोण पडतंय, म्हणून शेवटी तिने नाद सोडला. ईद तोंडावर आली होती.

एका दुपारी तिने अम्मीला खुर्चीत बसवलं आणि कानाला हेडफोन लावला. "मला ऐकू येतं तसंच हाय हे. डोळे मीट. सगळं गप झालं की हे बटण दाब, म्हंजी पाऊल टाकलं."

हमीदाबीने इमानदारीने डोळे मिटले. लांबचा ट्रक सुरू झाला. तिने श्वास रोखून धरला. आवाज थांबला आणि तिने बटण दाबलं. ब्रेक करकचले. सॉफ्टवेअरमधला कुणी परका पुरुष इंग्रजीत खेळ संपल्याचं सांगून मोकळा झाला. तो आवाजही बदलता येत नव्हता.

"घाई झाली, अम्मी. परत खेळ."

दुसऱ्यांदाही तेच झालं. तेव्हा कुठे शायनाच्या ध्यानात आलं. खाचेतल्या शांततेला अम्मी मोकळा रस्ता समजत होती. समजणारच, शिकवलं तसंच ती करत होती.

"सॉफ्टवेअरची चूक हाय ती, अम्मी. खरा ट्रक असा मधीच गप होत न्हाई."

हमीदाबीने हेडफोन काढला. "तूच म्हणलीस ना, तुला ऐकू येतं तसंच हाय. मी दोनदा मेले, बेटा. तू एकदाच मरशील."

ती रागावली असती तर शायना भांडली असती. पण ती रडत होती. इतके दिवस अम्मीपाशी नुसती भीती होती. आता लेकीनेच स्वतःच्या हाताने तिला पुरावा करून दिला होता.

ईद झाली. अब्बांनी दवाखान्याला नकार कळवला. पूर्वी दार नुसतं लोटून बाजारात जाणारी हमीदाबी आता बाहेरून कडी घालू लागली. आत शायना ऐकत राहायची. पुण्याकडून ट्रक यायचा, मोठा होत होत दारावरून जायचा आणि पाटसच्या अंगाला विरून जायचा. रस्ता मोकळा व्हायचा. ती दाराला हात लावून तशीच उभी असायची.