तीन नंबरचा सिलिंडर आणि रावगारू

मित्रांनो, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझी जुनी व्हॅन तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली आहे. तिचं इंजिन पाण्यावर नाही, हवेवर थंड होतं, त्यामुळे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट, वेळच्या वेळी सेट करावे लागतात, नाहीतर व्हॉल्व्ह जळतो. आमच्या बरकतपुरा मोहल्ल्यात बारा वर्षं ते काम मी आणि शेजारचे सरकारी नोकरीतले रावगारू ('गारू' म्हणजे तेलुगूत 'साहेब') मिळून करायचो.

राज्याचे दोन भाग झाले, आमचं शहर एका भागात आणि रावगारूंचं मूळ गाव दुसऱ्या भागात गेलं, तेव्हा आमचं वाजलं. रागाच्या भरात मी म्हणालो, "तुमचं राज्य आता तिकडे, तुम्ही जा तिकडेच." तेव्हापासून बोलणं बंद झालं आणि टॅपेटही राहिले.

आज व्हॅन सुरू केली तर नुसती थडथडत होती. आवाज ऐकून रावगारू आपणहून फाटकातून आत आले. चालू इंजिनच्या प्लगच्या वायरी त्यांनी एकेक करून काढल्या. तिसरी काढली तरी आवाजात काहीच फरक पडेना, म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर कामच करत नव्हता. मग इंजिन बंद करून, तो प्लग काढून त्यांनी भोकावर अंगठा धरला आणि मला स्टार्टर मारायला लावला.

"प्रेशरच नहीं है. व्हॉल्व्ह जल गया," ते म्हणाले. "टॅपेट कब से नहीं किए?"

मी नजर चुकवत किल्ली काढून घेतली.

"अब चलाना नक्को. इंजन खोलना पड़ता. मैं रहता तो दोनों मिलके खोलते थे. ट्रान्सफर की ऑर्डर आ गई मेरी, हमारा ऑफिस उधर गया ना, कल विजयवाडा जा रा हूँ."

मला माफी मागायची होती. मी विचारलं काय, तर जवळच्या अंबरपेठेत कुणी चांगला मेकॅनिक आहे का! त्यांनी नंबर लिहून दिला आणि हात पुसत निघून गेले.

उद्या सकाळी त्यांच्या सामानाचा ट्रक येतोय. त्याआधी त्यांच्या दारात जाऊन मी काय बोलू? सांगा कुणीतरी.