चिखलदऱ्याला कुठून जायचं?

अकोल्याहून कुठेही जायला एखादा सरळ रस्ता असू शकतो, ही गोष्ट आमच्या चाचांना आजवर कोणीही पटवून देऊ शकलेलं नाही. चाचा म्हणजे माझ्या बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. जुन्या शहरात त्यांचं गाड्यांची सीट कव्हरं शिवायचं दुकान आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांत बसून टाके घातल्यामुळे, गाडी ही मुळात बसण्यासाठी असते, पोचण्यासाठी नव्हे, असं त्यांचं ठाम मत झालेलं आहे. "जो रस्ता लवकर पोचवते, थो रस्ता नसते बेटा, थो पाइप असते," असं ते हायवेकडे बोट दाखवून म्हणतात. दर उन्हाळ्यात आमची दोन्ही घरं मिळून दोन दिवस चिखलदऱ्याला जातात. कुठे जायचं याची चर्चा कधीच होत नाही. कुठून जायचं, याची मात्र होळीपासून सुरू होते. अमरावतीवरून, दर्यापूरवरून की अकोटवरून? हे तिन्ही रस्ते शेवटी परतवाड्यालाच मिळतात, हे मी एकदा त्यांना नकाशावर दाखवलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. "सारंच जेवण शेवटी पोटातच जाते ना? मंग रोज पिठलंच करते का तुही माय?"

मागे बाळापूरला एका लग्नाला निघालो होतो. अकोल्याहून बाळापूर म्हणजे बसल्याबसल्या येणारं गाव. पण चाचांच्या मते किल्ला पाहायचा तर नदीच्या बाजूनंच पाहायला हवा, म्हणून त्यांनी गाडी शेताशेतांतून अशी काही फिरवली, की आम्ही मांडवात पोचलो तेव्हा मांडव सोडायला सुरुवात झाली होती. नवरामुलगा बिचारा आमच्यासाठी थांबला होता. चाचांनी त्याच्या हातात पाकीट ठेवलं आणि किल्ला किती सुंदर दिसत होता ते त्याला पहिल्यापासून सांगितलं. फोनमधल्या नकाशाच्या बाईशी तर त्यांचं उघड वैर. ती "उजवीकडे वळा" म्हणाली की चाचा अदबीनं विचारतात, "बाई, तुमी अकोल्याच्या नाई वाटते?" आणि डावीकडे वळतात.

शिवाय त्यांचा तो माठ! बाटलीतलं पाणी त्यांना चालत नाही. प्रवासात मातीचा माठच लागतो, आणि त्या माठाला त्यांनी सीटच्याच कापडाचं, कडेला गोट लावलेलं कव्हर शिवलेलं आहे. माठ पुढच्या सीटवर बसतो, बेल्ट लावून. चाची मागे. "माठ फुटला तं जुळत नाई," असं त्यांनी एकदा कारण दिलं, तेव्हा चाची शांतपणे म्हणाल्या, "आन मी फुटली तं?" त्यावर चाचांनी बराच वेळ विचार केला आणि पुढच्या वेळी चाचींच्या पाठीला एक मऊ उशी शिवून दिली. माठ पुढेच राहिला.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण काचबिंदूनं बाबांची नजर कडेकडेनं खात आणली आणि एका वर्षी ती पुरती गेली. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, स्वभावानं कमी बोलणारे. नजर गेल्यावर ते बोलेनासेच झाले. होळीनंतर चाचा नेहमीसारखे आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "अबे, यंदा कुठून जायचं?" बाबा म्हणाले, "तुमी जा. मले कायले नेता? कोनत्याबी रस्त्यानं नेलं तरी मले अंधारच दिसते." आईनं चहा आणला होता. चाचा तो न घेताच उठले. आमच्या घरून चहा न घेता गेलेले चाचा मी त्याआधी पाहिले नव्हते.

नंतर बरेच दिवस ते फिरकले नाहीत. मी तेव्हा अमरावतीला नोकरीला होते, सुटी घेऊन घरी आलेली. एका सकाळी ते गाडी घेऊन दारात उभे राहिले, किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः मागच्या सीटवर बसून चाचींच्या ओढणीनं डोळे घट्ट बांधून घेतले. "चल. अकोटवरून. मले तुया बापाचा रस्ता पाहायचा हाय."

त्या दिवसाइतकं विचित्र ड्रायव्हिंग मी कधी केलं नाही. मागून सारखे हुकूम. "हळू. काच खाली कर. हे थंड कायचं लागलं?" मी सांगायची, केळीच्या बागा आहेत, पाणी सोडलेलं आहे. "बस, हे घ्यायचं!" अकोटच्या पुढे एका टपरीवर मी चहासाठी थांबले, तर गाडीभोवती पाच-सात माणसं गोळा झाली. पांढऱ्या दाढीचा म्हातारा, डोळ्यांवर फुलाफुलांची ओढणी, आणि गाडी चालवणारी एकटी बाई. एकानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, ह्या बुवाले कोठी नेऊन राह्यल्या तुमी?" मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "चूप बसा ना रे भाऊ! मले ऐकू येऊ द्या!" मग कोणीतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन असेल असं ठरवलं आणि टपरीवाल्यानं चहाचे पैसे घ्यायलाच नकार दिला.

अंजनगावच्या पानमळ्यांचा ओलसर वास त्यांनी पास केला. घाटात सागाची वाळकी पानं चाकाखाली कुरकुरली, तो आवाज ऐकायला त्यांनी मला गाडी दोनदा मागे घ्यायला लावली. मोहाच्या झाडाखाली तर ते कितीतरी वेळ नाक वर करून बसले. मग एका वळणावर त्यांनी ओढणी सोडली. मला वाटलं, आता खूश होऊन काहीतरी बोलतील. ते डोळे चोळत म्हणाले, "भेव वाटते बेटा, असं बसाले. आन थो रोज बसते."

बाबांना त्यांनी कसं तयार केलं, ते मला ठाऊक नाही. पण आठवड्याभरानं आम्ही निघालो तेव्हा पुढच्या सीटवर बाबा होते आणि माठ चाचींच्या मांडीवर. चाचा नवरदेवासारखे इस्त्रीचे कपडे घालून गाडी चालवत होते. आणि त्या दिवशी काहीच जमून आलं नाही. अकोटला वीज नव्हती, केळीत पाणी नव्हतं, काच उघडली तर गरम झळ आत आली. अंजनगावात पुढे एक ट्रक बिघडून उभा, नुसता डिझेलचा वास. घाटात रस्त्याकडेचा पाचोळा कोणी जाळून टाकलेला, आणि मोहफुलं तर पहाटेच बायकांनी वेचून नेलेली. चाचा जागोजागी गाडी हळू करायचे, मान बाहेर काढायचे, परत आत घ्यायचे. शेवटी बाबा म्हणाले, "काऊन थांबून राह्यला बे घडीघडी?"

चाचांनी त्या वळणावर गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. "सारं वाया गेलं यार," ते म्हणाले. "तुयासाठी रस्ता पाहून ठेवला होता मी. वास, थंडावा, आवाज, सारं. डोये बांधून आलतो. आज त्यातलं एकबी नाई."

बाबांनी तोंड त्यांच्या आवाजाकडे वळवलं. मग म्हणाले, "तुले काय दिसून राह्यलं, थे सांग ना मंग."

रेक्झिनच्या एका छटेवर तासभर बोलणाऱ्या त्या माणसाला शब्द सुचेना. "डोंगर हाय," ते म्हणाले.

"बरं. त्याच्या मागे?"

"डोंगरच हाय."

"आन त्याच्या मागे?"

चाचांनी प्रामाणिकपणे नीट पाहिलं. "डोंगर."

बाबा हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. हसताना त्यांनी डॅशबोर्डवर थाप मारली. "अबे, सीट कव्हरवाला हायस ना तू? रंग सांग!"

आणि चाचांची जीभ सुटली. पहिला डोंगर म्हणजे जुन्या अ‍ॅम्बेसेडरचं तपकिरी रेक्झिन, पाठ टेकून टेकून मधोमध उडालेलं. दुसरा, जीपच्या ताडपत्रीसारखा, पण दोन पावसाळे खाल्लेला. तिसरा निळा. "कोनता निळा?" बाबांनी विचारलं. "आपल्या हेडमास्तरांच्या खोलीतला पडदा आठवते का?" "थो निळा कुठी होता बे, हिरवा होता!" "निळा होता!" त्या पडद्यावरून दोघं चिखलदरा येईपर्यंत भांडले. आई आणि चाची एकमेकींच्या खांद्यावर झोपून गेल्या.

त्यानंतर दर उन्हाळ्यात हे असंच होत आलं. बाबांना आता वास किंवा थंडावा कोणी आणून द्यावा लागत नाही, चाचा बोलत असतात. यंदा मात्र साखरेमुळे चाचांच्या पायांत बधिरपणा आला आणि डॉक्टरांनी त्यांची गाडी बंद केली. मी चालवायला बसले, दोघं दोस्त मागे. चाचांनी दर्यापूरचा रस्ता निवडला होता. "चिंचेच्या सावलीतून जाऊ," म्हणाले. तो रस्ता रुंद करायला घेतलाय, हे त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. गाव सुटलं आणि समोर नुसतं उघडं रान आलं. दोन्ही बाजूंना उकरलेली काळी माती, खडीचे ढीग, आणि एकही झाड नाही.

मागे चाचांनी मान बाहेर काढून पाहिलं, परत आत घेतली. मग चाचांचा आवाज आला, नेहमीचाच, थोडा जास्त खणखणीत. "चिंचा लागल्या बे यंदा. दोन्ही बाजूच्या फांद्या वरतून मिळून गेल्या पाहय. खाली कसा पोपटी उजेड पडून राह्यला..."

मी आरशात पाहिलं. बाबांचा हात उजव्या खिडकीशी होता आणि त्यावर सकाळचं ऊन सलग पडलेलं होतं. सावलीचा एवढासा तुकडाही मध्ये येत नव्हता. बाबांनी हात मागे घेतला नाही.

"लय मोठी झाली असतीन झाडं आता," ते म्हणाले.

"लय मोठी," चाचा म्हणाले.

मी गाडी आणखी हळू केली.