मांडवामागचे मेहबूबचाचा

मेहबूबचाचांच्या मुलाचा, सलीमचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात आमच्या गच्चीवर वाळवणाची राखण करत बसलो होतो. "मास्तर, अब्बा गेले. पहाटे. दुपारी माती हाय," एवढं बोलून तो थांबला. मी काहीतरी म्हणालो असेन... काय ते आठवत नाही. साताऱ्याहून मिरज अशी कितीशी लांब! स्टँडवर गेलो असतो तर मिळेल त्या एस.टी.नं वेळेत पोचलो असतो. पण गेलो नाही. हिला सांगितलं, गुडघा दुखतोय. गुडघा माझा गेली दहा वर्षं दुखतोय, त्या दिवशी त्याला वेगळं काही झालं नव्हतं. मला मेहबूबचाचांना तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि ती लाज ते गेल्यावरही गेली नाही, हे खरं कारण. ते आज सगळ्यांसमोर लिहून टाकतो.

मेहबूबचाचा मिरजेचे, तंबोरे घडवणाऱ्या घराण्यातले. मी साताऱ्याच्या एका शाळेत गाणं शिकवणारा मास्तर. आमची ओळख झाली ती शाळेचा तंबोरा दुरुस्तीला घेऊन गेलो तेव्हा. त्यांनी खोळ काढली, आत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, शाळा पोरांची हाय का उंदरांची?" मी तेव्हा तरुण होतो, भडकलो. म्हटलं, दुरुस्त करायचा तर करा, नाहीतर परत द्या. ते हसले आणि चहा मागवला. त्या चहापासून पुढची पंचवीस वर्षं आमची दोस्ती टिकली. दर डिसेंबरात पुण्याला मोठा संगीत महोत्सव भरतो, तिथं कलाकारांचे तंबोरे लावून द्यायला चाचा जात. वडलांच्या हाताखाली शिकत होते तेव्हापासून. पुढे मीही त्यांच्याबरोबर जायला लागलो.

त्यांची जीप मिरजेहून निघायची आणि मी हायवेला कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन उभा राहायचो. मागे गाद्यांत गुंडाळलेले चार-पाच तंबोरे, आणि एक ठेवायचा माझ्या मांडीवर. खंबाटकीचा घाट संपेपर्यंत मला हलायची परवानगी नसे. "मास्तर, धक्का तुमाला बसंल तर बसू दे, त्याला नको," असं वर ऐकून घ्यायचं! वाटेत ते जुन्या महोत्सवाच्या गोष्टी सांगत. सुरुवातीला म्हणे साधा मांडव, जमिनीवर सतरंज्या, आणि गाणं सुरू झालं की पार उजाडेपर्यंत. लोक घोंगड्या पांघरून, डब्यात भाकरी घेऊन यायचे. शेवटच्या भैरवीला मैदानाबाहेर दूधवाले सायकली थांबवून उभे राहायचे. मग लाउडस्पीकरचे नियम आले, रात्री दहाच्या आत सगळं आटपायचं ठरलं, म्हणून गाणं दुपारीच सुरू व्हायला लागलं. त्यावर बरेच जुने लोक हळहळले. चाचा मात्र म्हणायचे, "लय बरं झालं. दुपारचं राग बिचारं कोण ऐकत हुतं? त्यांचीबी पाळी आली की."

आताचा महोत्सव म्हणजे एक गावच. मैदानभर मांडव, पुढे बैठक, मागे खुर्च्या, लांबच्यांसाठी मोठे पडदे. एका बाजूला जुन्या गवयांच्या फोटोंचं प्रदर्शन, पुस्तकांची आणि वाद्यांची दुकानं, दुसऱ्या बाजूला खाण्याचे स्टॉल. तिथली गर्दी बघितली की वाटावं, ही मंडळी गाण्याला आलीत का बटाटेवड्याला! तरुण पोरं-पोरी येतात, ठेवणीतल्या शाली बाहेर पडतात, ओळख ना पाळख अशी माणसं सतरंजीवर सरकून शेजारच्याला जागा देतात. चाचांना यातलं फारसं काही दिसायचं नाही. त्यांचा महोत्सव स्टेजच्या मागे, कनातीच्या आडोशाला. पुढं टाळ्या पडत, आणि मागं हे कानस घेऊन बसलेले.

तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात, तिचा माथा केसाकेसानं घासून असा करायचा, की तार छेडली की ती नुसती वाजता कामा नये, तिच्यातून झंकार फुटत राहिला पाहिजे. ह्याला जवारी काढणं म्हणतात. मिरजेत बंद खोलीत काढलेली जवारी पुण्याच्या उघड्या मैदानात रुसायची. दुपारचं ऊन, मग एकदम थंडी, वरून दव. म्हणून शेवटचा हात तिथंच द्यावा लागे. चाचा म्हणायचे, "घरात शाणं असतंय, जत्रंत आणलं की रडतंय. लेकरावाणी हाय ह्ये." आणि खरंच लेकराला घ्यावं तसा तंबोरा मांडीवर घेऊन बसायचे.

एका वर्षी त्यांनी मला एकच तार तीनदा विचारली. "कशी वाटली?" मी म्हटलं, छान. परत, "कशी वाटली?" तिसऱ्यांदा मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. "मास्तर, वरचं ऐकू येत न्हाई मला. लय दिस झालं. सलीमलाबी सांगितलं न्हाई." कानाला मशीन लावून बघितलं होतं, पण त्यात झंकाराची नुसती पत्र्यावरची खडखड व्हायची. मिरजेत एकदा बोभाटा झाला की ह्यांचा कान गेला, तर त्यांच्या हाताला कोण विचारणार? मग आमचा एक रिवाज पडला. ते घासायचे, तार छेडायचे, मी समोर बसायचो; सुट्टीत मिरजेला जाऊन त्यांच्या कारखान्यातही. जवारी उघडली की मी डोळे मिटायचे. बोलायचं नाही, मान हलवायची नाही, नुसते डोळे मिटायचे. ते लगेच कानस खाली ठेवायचे. बघणाऱ्याला वाटे, मास्तरांची तंद्री लागली. अशी बरीच वर्षं आम्ही काढली, आणि कुणाला काही कळलं नाही. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला सांगू?

शेवटच्या वर्षी एका मोठ्या गायिकेचा तंबोरा त्यांच्या मांडीवर होता. बाईंचं गाणं पुढचंच. दुपार कलत आलेली, आणि स्टेजवर कुणी एक कोवळा मुलगा मुलतानी गात होता. नाव त्याचं मी ऐकलेलं नव्हतं. चाचा घासत होते, मी समोर होतो. आणि त्या पोरानं कोमल गंधार असा काही लावला... माझे डोळे मिटले. गाण्यासाठी मिटले! उघडले तेव्हा चाचांनी कानस खाली ठेवली होती, तंबोऱ्याला खोळ चढवत होते. "थांबा" म्हणायला तोंड उघडलं, तोवर माणूस तंबोरा न्यायला आलाच. मनाशी म्हटलं, झाली असेल. मनापासून सांगतो, मी तेव्हाही ती तार परत ऐकली नाही.

बाई बसल्या. पहिला सा लावला आणि थांबल्या. मागे वळून हळूच म्हणाल्या, "हा बोलत नाहीये हो." पण समोर माईक होता, आणि ते सगळ्या मैदानानं ऐकलं. तंबोरा खाली उतरवला, इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी लावली, आणि गाणं सुरू झालं. आयोजकांपैकी एकजण मागे आला. तो बिचारा काही वाईट बोलला नाही, नुसतं विचारलं. चाचा हात जोडून म्हणाले, "चूक माझी हाय सायेब. वय झालं. हात हलला." मी शेजारी उभा होतो, दोन पावलांवर. माझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं. परतताना जीपमध्ये मी मांडीवरच्या तंबोऱ्याला धरून बसलो. साताऱ्याला उतरलो तर म्हणाले, "मास्तर, गुडघा सांभाळा."

त्यानंतर चाचा महोत्सवाला गेले नाहीत. जवारीला हात लावत नाहीत असंही कानावर आलं. मी म्हणायचो, अपमान लागला त्यांना, आता आपण जाऊन आणखी मीठ कशाला चोळा? असं म्हणत तीन वर्षं घालवली. सणाला फोन करायचो, सलीमशी बोलायचो, "चाचांना सलाम सांग" म्हणून ठेवून द्यायचो. माणूस किती भित्रा असू शकतो, हे मला माझ्याकडे बघून कळलं.

चाळिसाव्याला मात्र गेलो. जेवणं झाल्यावर सलीमला कारखान्यात बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. कानाचं, डोळ्यांचं, मुलतानीचं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मला ठावं हाय मास्तर," तो म्हणाला. "अब्बांनी त्याच हप्त्यात सांगितलं. म्हणाले, बोटाला कळत हुतं, अजून एक हात पायजे. पण मास्तरांनी डोळं मिटलं, म्हटलं त्यांचा कान खरा. मग गाडीत त्यांच्या ध्यानात आलं, डोळं मिटलं तवा तुमचं बोट मांडीवर ताल धरत हुतं. लय हसले सांगताना. म्हणाले, गाणंच तसं आसंल, मास्तरांचा काय दोष?"

"मग काम का सोडलं त्यांनी?" मी विचारलं.

सलीम म्हणाला, "सोडलं न्हवतं, मास्तर. तुमी आला न्हाई."

मला खाली बसावंसं वाटलं. समोर चाचांची बैठक होती, भिंतीला टेकून. तिच्यापुढे हातभर अंतरावर एक घोंगडीची घडी होती, स्वच्छ झटकलेली. मी तिच्यावर टेकणार, तेवढ्यात बाहेरून आलेला एक पाहुणा म्हणाला, "आवं, तिथं नका बसू. चाचा कुनाला बसू देत न्हवतं."

"बसू दे त्यांना," सलीम म्हणाला. "त्यांचीच हाय ती."