हाताक विचारूया

"थांब, हाताक विचारूया," असं म्हणून ते आधी तळवा पँटला पुसायचे आणि मगच साच्याला हात लावायचे. डोळे मिटलेले. नव्या माणसाला वाटावं, काका देवाच्या पाया पडताहेत.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात आम्ही कृत्रिम पाय बनवतो. कापलेल्या पायाचा जो भाग उरलेला असतो, त्याचा प्लास्टरचा साचा करायचा आणि त्यावर नवा पाय बेतायचा, हे काम मालवणकडच्या या काकांचं. मी टेबलावर बसून नावं लिहिणारी. साच्यावर नाव नसतं, पेन्सिलीने लिहिलेला नंबर असतो.

तेव्हा मी प्रोग्रॅमिंगच्या क्लासला जायचे. पहिलं प्रोजेक्ट म्हणून पेशंटची यादी कॉम्प्युटरवर चढवली. नाव टाकलं की नंबर तो आपोआप देणार, आणि तोच नंबर काका साच्यावर लिहिणार. झकास! एकच गोष्ट डोळ्यांत खुपायची. शिकताना टाकलेली खोटी नावं मी पुसली होती, पण त्यांचे नंबर काही परत मिळेनात. बारानंतर एकदम सतरा. आता मला पडली नीटनेटकेपणाची हौस. एका शनिवारी सगळी यादी नावांप्रमाणे लावली आणि एकपासून नवे नंबर दिले. जुनी यादी जपून ठेवायची असते, हे क्लासमध्ये अजून आलं नव्हतं. आणि साच्यांवर जुनेच नंबर आहेत, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

सोमवारी वेसाव्याच्या एका कोळीणबाईंचा पाय करायला घ्यायचा होता. शुगरमुळे त्यांचा पाय गेलेला. आठ महिने घरात बसून जीव विटला, सुनेने आणलेलं म्हावरं मला पसंत पडत नाही, मला बंदरावर स्वतः उभं राहायचंय, असं त्यांनी दहादा सांगितलं होतं. यादीत त्यांचा नंबर तेवीस. काकांनी तेवीसचा साचा काढला, डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"ह्या तिचा न्हय," ते म्हणाले. "जोगेश्वरीच्या पानवाल्याचा ह्या."

माझी वाट लागली! साठ-सत्तर साचे, आणि कुठला कोणाचा हे जगात कुठेही लिहिलेलं नाही. चुकीच्या साच्यावर पाय बनला की जखम होणार, आणि शुगरवाल्याची जखम चिघळली तर डॉक्टर आणखी वरून कापणार. मी सरळ रडायला लागले.

काका ओरडले नाहीत. सगळे साचे जमिनीवर मांडायला लावले आणि एकेक मांडीवर घेऊन सांगत गेले. हा घाटकोपरचा मास्तर, याचं हाड आतून टोचतं. ही मुलुंडची पोरगी, अजून वाढतेय. कागदी फाइलमध्ये नाव आणि मापं असायची, नंबर नाही; आणि नुसत्या मापांवरून माणूस ओळखता येत नाही, चार-पाच जणांची सारखीच असतात. पण काकांनी नाव सांगितलं की मी फाइल काढून टेपने ताडून बघायचे. जुळायचं. पुढचंही जुळायचं. अहो, अंगावर काटा आला माझ्या. वर्षापूर्वी एकदाच हाताखालून गेलेली माणसं त्यांना अशी आठवत होती. देवळातसुद्धा मला कधी असं झालेलं नाही.

एक साचा मात्र बराच वेळ मांडीवरच राहिला. "ह्या कळत नाय," ते म्हणाले. त्या माणसाला बोलावून नवा साचा घ्यायचा, अंदाजाने पाय करायचा नाही, असं मला बजावलं. साच्यांवरचे जुने नंबर यादीत परत टाकले की मधले नंबर पुन्हा मोकळे राहणार, त्यांचं काय करू, हेही मी विचारून घेतलं.

"भोक रवला तर रवांदे," ते म्हणाले. "माणूस लंगडूक नको."

महिन्याभरात कोळीणबाई नव्या पायावर, सरावाच्या दांड्यांना धरून उभ्या राहिल्या. मग दांड्या सोडल्या, दारापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. काका त्यांच्या तोंडाकडे नाही, पावलाकडेच बघत होते.

गेल्या वर्षी काका गेले, झोपेतच. शोकसभेसाठी आम्ही जवळच्या एका शाळेचा हॉल घेतला. येणारे बहुतेक काकांनी केलेल्या पायांवर चालणारे, म्हणून खुर्च्या मुद्दाम जास्त मागवल्या. कोळीणबाई सगळ्यांत आधी आल्या. मी खुर्ची पुढे केली, त्यांनी नुसती मान हलवली. मागून आलेल्यांनीही तेच केलं. सभा संपेपर्यंत त्या हॉलमध्ये एकही माणूस बसला नाही.