नाकावरचा लाल रंग

“पाहुणा येतोय असं आधी कुणी कळवलं असतं, तर माझ्या बापाने पेला पुढे केला असता, दाताळं नव्हे.”

पेरीन बोद्वां हे बोलली ती हातातला कुंचला न थांबवता. सँ-झाक रस्त्यावर, छापील चित्रांच्या दुकानामागच्या खोलीत, सहा बायका लांब टेबलाशी बसत. प्रत्येकीकडे एकच रंग. निळीवालीने आकाश भरून कागद पुढे सरकवायचा, मग हिरवीने, मग पिवळीने. लाल सगळ्यांत शेवटी. गाल, ओठ, झेंडे. लालवालीची ती खिडकीजवळची जागा मिळायला पेरीनला नऊ वर्षं लागली होती.

त्या साली पॅरिसला आभाळात उडवायच्या भल्यामोठ्या फुग्यांचं वेड लागलं होतं. उन्हाळ्यात असाच एक, माणसांविना सोडलेला रेशमी फुगा ढगांत शिरला आणि पेरीनच्या माहेरी, कापलेल्या शेतात, फाटून पडला. शहराला कितीतरी दिवस आधी ठाऊक होतं. गावाकडे कुणी निरोप धाडला नाही. आभाळातून पडलेलं ते धूड फुसफुसत होतं, कुजक्या अंड्यासारखं घाणत होतं. बापाने पोरांना मागे ढकललं आणि दाताळं घेऊन एकटा पुढे झाला.

आता टेबलावर त्याच प्रसंगाचं चित्र होतं, पण ते कोरणाऱ्याने गाव पाहिलंच नव्हतं. त्याने तोंड वासलेली माणसं काढली, आणि कडेला पिसाच्या टोपीतला एक हसणारा शहरी साहेब. मालक लाकोत सांगून गेला होता की गावकऱ्यांची नाकं लाल करा. प्यालेले दिसले की गिऱ्हाईक हसतं.

“तुझा बाप कुठला गं यात?” निळीवाल्या कोलेतने विचारलं.

“दाताळंवाला. पहिला.”

“मग तुझं नाक बापावरच गेलंय.”

बायका हसल्या. पेरीन हसली नाही. दुपारपर्यंत तिने झेंडे रंगवले, साहेबाचे ओठ रंगवले. गावकऱ्यांची नाकं कोरी राहिली.

लाकोत कोऱ्या नाकांच्या त्या चित्रांचा गठ्ठा घेऊन आला, मागे एक गिऱ्हाईक. एवढ्याशा ठिपक्याला काय होतं, असं त्याने सगळ्यांदेखत विचारलं आणि एक कागद तिच्यापुढे आपटला. तिची जागा मागायला दारात तिघी उभ्या असतात, हेही ऐकवलं.

पेरीनने कुंचला लालमध्ये बुडवला. बापाच्या नाकावरून हात तसाच पुढे नेला आणि पिसाच्या टोपीखाली, साहेबाच्या नाकाच्या शेंड्यावर, टपोरा ठिपका ठेवला.

लाकोतच्या कपाळाला आठी पडली. मग गिऱ्हाईकच खो खो हसत सुटलं. म्हणालं, हाच कागद द्या, सासऱ्याला पाठवतो.

लाकोतच्या कपाळावरची आठी गेली. त्याने अख्खा गठ्ठा तिच्याकडे सरकवला. आवाज आता मऊ होता. “डोकं आहे बाई तुला. दोन्हीकडची नाकं कर लाल. शहर हसेल, गावही हसेल.”

पेरीनने गठ्ठ्याकडे पाहिलं. सगळ्यात वर तिचा बाप होता, पोरांच्या पुढे, एकटा. तिने वाटीतला लाल रंग खिडकीबाहेर ओतला. कुंचला धुतला, फडक्याला पुसला, एप्रनच्या खिशात घातला. कोलेतने पाय आवरून वाट दिली.

लाकोत विचारत राहिला की रुसायला झालं काय. ती त्याच्या बाजूने, टांगलेल्या ओल्या चित्रांखालून, रस्त्यावर गेली.