मांडीवरची कुंडी

गेले सहा आठवडे मी रोज सकाळी आठ ते अकरा आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळच्या बाकावर, मांडीवर कुंडी घेऊन बसतोय. डोक्यावर ओला पंचा असतो. कुंडीत सुरणासारखा एक गड्डा आहे आणि त्याला वर चार बोटं फुटल्यासारख्या फांद्या. दूधवाल्यापासून कुरियरवाल्यापर्यंत सगळ्यांना वाटतं की म्हातारा निवृत्त झाला आणि डोक्यावर परिणाम झाला. परिणाम झालाय हे मी मान्य करतो. पण तो एका दिवसात झालेला नाही, त्यासाठी मी चांगली दोन वर्षं मेहनत घेतली आहे.

आम्ही पूनम सागर सोसायटीत राहतो, चौथ्या मजल्यावर. निवृत्तीनंतर पंधरा दिवसांत बायकोने सांगितलं, "अहो, घरात नुसते फिरू नका, पायात येता. काहीतरी छंद लावून घ्या." बागकाम करावं म्हटलं, तर आमच्याकडे पाणी सकाळी पाऊण तास येतं. त्यात चार माणसांच्या आंघोळी उरकतात, गुलाब कुठून जगणार? म्हणून नवघरच्या रस्त्याला एक नर्सरीवाला बसतो, त्याला विचारलं, पाणी न पिणारं फुलझाड आहे का. त्याने अडेनियम दाखवलं. बुंध्याशी फुगलेलं, पोटात पाणी साठवून ठेवणारं, आणि उन्हाळ्यात गुलाबी फुलं देणारं.

"इसको भूल जाओ," तो म्हणाला. "जितना भूलोगे, उतना फूल देगा."

मला वाटलं, हे मला जमेल. बायकोचा वाढदिवस मी सलग किती वर्षं विसरलोय, ते तिला तोंडपाठ आहे.

पण झाड विसरणं वेगळं. आठवड्याभरात दोन पानं पिवळी पडली. तहान लागली असेल म्हणून तांब्याभर पाणी घातलं. आणखी चार पिवळी पडली. तहान वाढली असेल म्हणून दोन तांबे घातले. महिन्याने गड्डा हातात धरला तर पिकलेल्या चिकूसारखं बोट आत गेलं. दुसरं आणलं, तेव्हा मी जास्त शहाणा झालो होतो. खालच्या मजल्यावर पाणी गळायला नको म्हणून कुंडीचं भोकच सिमेंटने बुजवलं. ते झाड उभ्याउभ्या बुडून मेलं.

तिसऱ्या वेळी नर्सरीवाल्याने मला लांबूनच ओळखलं. झाड देण्याआधी तो म्हणाला, "मिट्टी में नहीं, रेती में लगाना. मोटी रेती."

रेती कुठे मिळते, हे मी त्याला विचारलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. मी बस पकडून उत्तनच्या पुढे चौक नावाच्या कोळीवाड्याला गेलो. समुद्रावर रेतीच रेती. पिशवी भरत होतो तेव्हा मासळी वाळत घालणारी एक आजी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"घर बांधतंस काय रं?"

"नाही आजी, कुंडीत घालायचीय."

"ती खारी हाय. झाड जगायचा न्हाय त्यात."

"धुऊन घेईन."

तिने शेजारणीकडे बघितलं आणि दोघी अशा हसल्या की मी पिशवी अर्धीच भरून निघालो. समुद्राची रेती अशी उचलून आणणं बरं नव्हे, हेही मला तेव्हा कळत होतं, पण हौसेला डोळे नसतात.

रेती धुतली, तीही खिडकीच्या ग्रिलमध्ये बसून. बारा बादल्या लागल्या. पाणी न पिणाऱ्या झाडासाठी मी घरातलं दोन दिवसांचं पाणी वापरलं, आणि ते सगळं खारट, गढूळ पाणी तिसऱ्या मजल्यावरच्या बेनच्या पापडांवर गेलं. गच्चीवर कबुतरं फार म्हणून बिचारीने ग्रिलमध्ये चादर पसरून उडदाचे पापड वाळत घातले होते.

बेन वर आल्या. हातात ताट, ताटात पापड. "भाईसाब, नमक तो मैंने डाला था. आपने डबल क्यों किया?"

त्यांनी तक्रार केली ती रास्तच होती. पण तिचा निकाल जो लागला तो सगळ्या इमारतीला लागला. दिवाळीनंतरच्या सभेत सेक्रेटरीने ठराव आणला की ग्रिलमध्ये, जिन्यात, पॅसेजमध्ये, गच्चीवर आणि आवारात कुठेही कुंडी ठेवायची नाही. सेक्रेटरी माझ्या मुलाच्या वयाचा, मला काका म्हणतो. चूक एकट्या माझी होती, आणि तुळशी, मोगरे, कढीपत्ते सगळे घरात जाणार होते. दुसऱ्या मजल्यावरच्या विधवा बाई मोगऱ्याबद्दल काही बोलू गेल्या, त्यांचं कुणी ऐकून घेतलं नाही.

मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती, पण उभं राहिल्यावर माणूस जास्त बोलतो. मी म्हणालो, "चूक माझी आहे, दंड मला करा. माझं झाड पाणी पीतच नाही. उन्हाळ्यापर्यंत कुंड्या आहेत तिथे राहू द्या. तोवर माझ्या ग्रिलमधून एक थेंब खाली पडला, तर मी स्वतःच्या हाताने कुंडी उतरवेन. नाही पडला तर ठराव मागे घ्या, सगळ्यांसाठी."

सेक्रेटरी हसला. "चालेल काका. लिहून घेऊ?"

"लिहा."

मोगऱ्याच्या बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत आशा होती की काळजी, ते मला कळलं नाही.

त्या दिवसापासून मी खरोखर विसरलो. विटांचा चुरा, कोळशाचे तुकडे आणि ती धुतलेली रेती, यांत तिसरं झाड मजेत होतं. थंडीत त्याने सगळी पानं टाकली. अडेनियम थंडीत झोपतं, तेव्हा त्याला हातही लावायचा नाही, एवढं मी एव्हाना दोन जीव घालवून शिकलो होतो. बायकोला हे सांगितलं नाही. तिला काय त्यातलं कळणार, असं माझं मत.

संक्रांतीनंतर एका दुपारी बेन दारात. या वेळी हातात चादर. निळ्या चादरीवर पांढरे डाग, आणि डागांच्या जागी चादर पापडासारखी कडक.

"स्टार्च लगा है, भाईसाब."

मी छाती पुढे काढून म्हणालो की माझ्या घरातून दोन महिन्यांत एक थेंब पडलेला नाही, वाटेल तर पाचव्या मजल्यावर विचारा. मी बराच वेळ बोललो. मागून बायकोचा आवाज आला.

"मी घातलं. तांदळाचं धुवण."

बेन गेल्यावर मी बायकोकडे बघितलं. ती ओट्याला टेकून उभी होती.

"रोज?"

"एक दिवसाआड. पानं गेली सगळी. वाळून चाललं होतं, तुम्ही बघत पण नव्हता."

"अगं, ते झोपलं होतं."

"मला काय माहीत, तुम्ही सांगितलं का? दारात कुणी आलं की आधी पाणी विचारायचं, एवढंच मला येतं." मग हळूच म्हणाली, "माझी आजी विहिरीपाशी घागर घेऊन बसायची. काठावर जायची परवानगी नव्हती. कुणीतरी येईल, वरून ओतेल, म्हणून दुपारपर्यंत बसायची. कधी ओतायचे, कधी नाही. आमच्या घरात कुणाला कोरडं ठेवत नाहीत, झाडालाही नाही."

दोन झाडं तर मीच पाजून मारली होती, आणि तेही कुणाच्या आजीची आठवण न ठेवता.

गड्डा एका बाजूने मऊ पडला होता. भाजीच्या सुरीने पांढरा, टणक गर लागेपर्यंत सडका भाग कापला. कापताना चीक उडाला, तो विषारी असतो हे माहीत असूनही मी त्याच हाताने डोळा चोळला, आणि तो दिवस एका डोळ्याने काढला. जखमेला हळद लावली. मग झाड उलटं करून घरातल्या कपड्यांच्या दोरीला, माझ्या बनियनशेजारी, बारा दिवस टांगलं. पाहुणे आले की बायको सांगायची, "यांचं ऑपरेशन झालंय," आणि पाहुणे माझ्याकडे बघायचे.

शब्द दिला होता, तो पाळला, आणि ठराव सगळ्यांना लागू झाला. नव्याने लावलेली कुंडी मी ग्रिलमध्ये ठेवली नाही. पण अडेनियमला ऊन लागतं, सावलीत ते पुन्हा सडणार. आणि आमच्या घरात ऊन फक्त ग्रिलमध्येच येतं. मी सेक्रेटरीकडून ठरावाची प्रत मागून घेतली आणि चष्मा लावून वाचली. ग्रिल, जिना, पॅसेज, गच्ची, आवार. कुठेही कुंडी "ठेवायची" नाही. धरायची नाही, असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी बाकावर बसलो.

अकराच्या सुमाराला सेक्रेटरी गाडी काढायला आला. "काका, हे काय चाललंय?"

"बसलोय."

"आणि कुंडी?"

"ती पण बसलीय."

पहिला आठवडा थट्टेत गेला. वॉचमन म्हणाला, "बाबूजी, नाम क्या रखा?" एकाने विचारलं, लस टोचून झाली का. दुसऱ्या आठवड्यात मांडीला घामोळं आलं, पँटवर कुंडीचा गोल ठसा उमटला तो धुऊन जाईना. मग मांडीवर पाट घेऊन त्यावर कुंडी धरली. तिसऱ्या आठवड्यात बेन खाली आल्या, माझ्यासाठी ताक घेऊन.

"भाईसाब, गुस्सा छोड़ो. ऊपर रख दो, मैं कुछ नहीं बोलूँगी."

ताक प्यायलो, चांगलं होतं. म्हटलं, "बेन, आपके लिए गुस्सा नहीं. लेकिन मोगरा भी रखने देंगे क्या?"

त्यांनी मानेनेच सेक्रेटरीच्या खिडकीकडे दाखवलं आणि रिकामा पेला घेऊन वर गेल्या.

चार दिवसांनी सेक्रेटरी कागद घेऊनच आला. विशेष बाब म्हणून, वय लक्षात घेऊन, एका कुंडीस परवानगी. फक्त सही करायची. त्या दिवशी मला पेन्शनच्या दाखल्यासाठी बँकेत जायचं होतं, म्हणून बाकावर बायको बसली होती, मांडीवर कुंडी. मी फाटकातून आत आलो तेव्हा तो तिच्यासमोर उभा होता.

"काकू, घ्या ना. तुमचंच काम होतंय."

"आमचं एकट्याचं नको. सगळ्यांचं लिहून आणा."

"सगळ्यांना दिलं तर नियमाला काय अर्थ राहिला? आणि हे असं आवारात बसणं पण बरोबर नाही, काकू. कॉमन जागा आहे."

बायकोने पदर सारखा केला. "कुंडी कुठे आहे? माझ्या मांडीवर. मांडी सोसायटीची आहे का?"

तो माझ्याकडे वळला. त्याला वाटलं असावं, निदान हा तरी समजूतदार. मी बायकोच्या शेजारी जाऊन बसलो. एवढ्या वर्षांच्या संसारात ती माझ्या बाजूने इतकं स्वच्छ बोलल्याचं मला आठवत नाही, आणि ती माझ्याच बाजूने बोलत होती की झाडाच्या, हे विचारायची हिंमत मला झाली नाही.

कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. मोगऱ्याच्या बाई मात्र त्या दिवसापासून खाली येऊन बसायला लागल्या, आधी नुसत्या, मग मोगऱ्यासकट. त्यांची कुंडी जड आहे, त्या दर अर्ध्या तासाने मांडी बदलतात.

काल पहिलं फूल उमललं. गुलाबी, कडेला गडद, घशात पिवळं. सेक्रेटरी ऑफिसला निघाला होता, गाडी थांबवून त्याने काच खाली केली.

"आलं ना काका फूल? झालं आता. घरी न्या."

मी कुंडी त्याच्याकडे वळवून धरली, त्याला नीट दिसावं म्हणून.

"एकच आलंय," मी म्हणालो. "अजून चार कळ्या आहेत. आणि बाईंच्या मोगऱ्याला तर अजून कळीही धरलेली नाही."